एकोणिसाव्या वर्षाची वेस

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. बहिणीने ओवाळले, मी ताम्हणात पाकीट ठेवले आणि तिने ते तसेच उचलून परत माझ्या हातात दिले. आमच्या मालवणात असे सहसा घडत नाही! मी चपापलो. म्हटले, रक्कम कमी पडली की काय?

"दादा, माका पैशे नको," ती म्हणाली. "माका दुसरी ओवाळणी व्हयी. तुज्या भाच्याक जरा समजाव. तो तुजा ऐकतलो."

भाचेसाहेब त्या वेळी पडवीत बसून भिंतीवर चेंडू आपटीत होते. वय वर्षे पंधरा, उंची माझ्याहून चार बोटे अधिक, अकरावी शास्त्र शाखा. डाव्या हाताने फिरकी टाकतो आणि जिल्ह्याच्या सोळा वर्षांखालील संघात त्याने नाव काढले आहे. आता त्याने जाहीर केले होते की, अकरावीला रामराम ठोकून आपण पुण्याला क्रिकेट शिकायला जाणार. भावोजींनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणे टाकले होते. ते पतपेढीत नोकरीला आहेत; तारणाशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म!

मी त्याला आत बोलावले. त्याने भौतिकशास्त्राची वही आणली आणि तिचे शेवटचे पान माझ्यापुढे धरले. त्यावर दोनच ओळी होत्या. "३१ ऑगस्ट २०२७, वय १७, पात्र." आणि खाली, "३१ ऑगस्ट २०२९, वय १९, बाद."

"मामा, एकोणीस वर्सांखालच्यांचो विश्वचषक दोन वर्सांनी एकदा येता," तो शांतपणे म्हणाला. "स्पर्धेच्या आदल्या ऑगस्टाक एकोणीस पुरी झालेली चलणत नाय. माजो जन्म जूनातलो. म्हणजे माज्या नशिबाक एकच आसा, २०२८ चो. बारावी करून मगे गेलंय, तर तो हुकलो."

मी मराठीचा अध्यापक. विद्यार्थ्यांना संतवाङ्मयापासून नवकथेपर्यंत सारे शिकवले. पण पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या आयुष्याचा हिशेब इतक्या चोख दोन ओळींत मांडलेला मी तोवर पाहिला नव्हता. उत्तर सुचेना. शेवटी मी शिमग्यापर्यंत मुदत मागून घेतली. एखाद्या कवीविषयी मत देण्याआधी त्याचे सगळे संग्रह वाचा, असे मी वर्गात सांगत असतो. तोच नियम मी स्वतःला लावला. ज्या संघासाठी हा मुलगा घर सोडायला निघाला आहे, त्या भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाचा इतिहास आधी वाचायचा आणि मग तोंड उघडायचे, असे ठरवले.

वाचायला बसलो आणि पहिल्याच पानावर आमचे मालवण भेटले! रमाकांत विठ्ठल आचरेकर हे १९३२ साली मालवणात जन्मले. आडनाव आचऱ्याचे, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरच्या गावाचे. पुढे मुंबईला गेले, स्टेट बँकेत नोकरी केली, प्रथम दर्जाचा उणापुरा एक सामना खेळले आणि मग शिवाजी पार्कच्या मैदानावर त्यांनी जे केले ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. १९९० साली द्रोणाचार्य, २०१० साली पद्मश्री आणि २ जानेवारी २०१९ रोजी अखेर. स्वतःला जे फारसे मिळाले नाही, ते दुसऱ्यांच्या मुलांना मिळवून देण्यात ज्याचा जन्म गेला, असा हा आमच्या गावचा माणूस.

त्यांच्या दोन शिष्यांची, सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची, ६६४ धावांची भागी फेब्रुवारी १९८८ मधली. हॅरिस शिल्डचा उपान्त्य सामना, आझाद मैदान. सचिन चौदा वर्षांचा आणि विनोद सोळाचा. आता योगायोग पाहा. त्याच महिन्याच्या २८ तारखेला ऑस्ट्रेलियात तरुण मुलांची पहिली विश्वचषक स्पर्धा सुरू झाली. ब्रायन लारा, मायकेल ॲथरटन, इंझमाम, जयसूर्या ही पुढे गाजलेली नावे तिथे मिसरूड फुटण्याच्या वयात खेळत होती. भारताकडून नरेंद्र हिरवाणी आणि वेंकटपती राजू होते. आपला संघ उपान्त्य फेरीपर्यंतही पोचला नाही. ऑस्ट्रेलियाने पाकिस्तानला हरवून चषक घेतला आणि मग ती स्पर्धा जी थांबली ती थेट दहा वर्षांनी, १९९८ साली दक्षिण आफ्रिकेत पुन्हा भरली. तोवर सचिन चोवीस वर्षांचा झाला होता आणि कसोटी सामने खेळून त्याला आठ वर्षे लोटली होती. म्हणजे आचरेकर सरांच्या सर्वांत नामांकित शिष्याच्या नशिबात हा चषक कधी आलाच नाही!

हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, सचिनचा सोडा. सगळे काय सचिन आसतत?"

अगदी बरोबर. म्हणून मी बाकीच्यांच्या शोधाला लागलो.

१९९८ च्या संघाचा कर्णधार होता मुंबईचा अमित पागनीस. त्याच्या हाताखाली वीरेंद्र सेहवाग, हरभजन सिंग आणि मोहम्मद कैफ खेळले. हे तिघे पुढे देशाच्या मोठ्या संघात गेले. कर्णधार गेला नाही. दोन वर्षांनी, २००० च्या जानेवारीत, कैफच्या नेतृत्वाखाली आपण कोलंबोत श्रीलंकेला सहा गड्यांनी हरवून पहिल्यांदा चषक जिंकला. शिक्षक होते रॉजर बिन्नी, स्पर्धेचा मानकरी युवराज सिंग आणि अंतिम सामन्याचा मानकरी रितिंदर सोढी. युवराजचे पुढे काय झाले ते घराघरांत ठाऊक आहे. सोढी मात्र मोठ्या संघात थोडेच एकदिवसीय सामने खेळून थांबला.

मग २००६ चा कोलंबो. अंतिम सामन्यात पाकिस्तानला आपण १०९ धावांत गुंडाळले. घरोघर पेढे मागवायची वेळ आली होती. पण आपल्या मुलांची अवस्था ९ धावांत ६ बाद झाली आणि सगळा संघ ७१ वर आटोपला. त्या संघात चेतेश्वर पुजारा, रोहित शर्मा, रवींद्र जडेजा होते. इतकी मोठी माणसे, पण त्या दिवशी सारी पोरेच होती!

२००८ साली क्वालालंपूरला विराट कोहलीच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला बारा धावांनी हरवले. त्या स्पर्धेत सर्वांत जास्त धावा कोणाच्या, असे मी भाच्याला विचारले. त्याने क्षणभरही न थांबता कोहली म्हणून सांगितले. चूक! त्या तन्मय श्रीवास्तवच्या. अंतिम सामन्यातही आपल्या बाजूने सर्वांत जास्त धावा त्याच्याच. पुढे तो मोठ्या संघात आला नाही. २०२५ सालच्या आयपीएलमध्ये कोहली फलंदाजी करीत होता आणि तन्मय त्याच स्पर्धेत पंचाचा कोट घालून उभा राहत होता.

२०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिल येथे कर्णधार उन्मुक्त चंदने अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा केल्या. यजमानांच्या मैदानावर यजमानांना हरवले. त्या संघातले हनुमा विहारी आणि संदीप शर्मा पुढे भारताकडून खेळले. उन्मुक्त नाही. २०२१ साली त्याने भारतातले क्रिकेट सोडले आणि तो अमेरिकेला गेला.

आता आपल्या घरची मुले घ्या. २०१४ सालच्या संघाचा कर्णधार जालन्याचा विजय झोल. या मुलाने महाराष्ट्राकडून एकोणीस वर्षांखालील सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. त्याच्या संघात श्रेयस अय्यर, संजू सॅमसन आणि कुलदीप यादव होते. उपान्त्यपूर्व फेरीत इंग्लंडने त्यांना हरवले. ते तिघे भारताकडून खेळले, झोल खेळला नाही. २०१८ चा कर्णधार विरारचा पृथ्वी शॉ. चौदाव्या वर्षी शालेय सामन्यात ५४६ धावा, अठराव्या वर्षी न्यूझीलंडमध्ये विश्वचषक हाती आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिल्याच कसोटीत शतक! तिथून वाट वळत गेली. २०२५ साली तो मुंबईचा संघ सोडून महाराष्ट्राच्या संघात आला. २०२० च्या संघातला अथर्व अंकोलेकर हा बेस्टच्या बसमध्ये कंडक्टरचे काम करणाऱ्या आईचा मुलगा. २०२२ च्या विजेत्या संघात तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर होता आणि मुलांना शिकवणारे होते पुण्याचे हृषीकेश कानिटकर. त्या स्पर्धेत संघात करोना शिरला आणि आयर्लंडशी खेळायला जेमतेम अकरा मुले उभी राहिली. तरीही चषक आला. २०२४ च्या उपान्त्य सामन्यात ४ बाद ३२ अशी दाणादाण उडाली असता बीडच्या सचिन धसने ९६ धावा काढून संघाला अंतिम सामन्यात नेले. वडिलांनी त्याचे नाव तेंडुलकरवरून ठेवलेले.

आणि मी हे सगळे वाचीत असतानाच, ६ फेब्रुवारी २०२६ रोजी, हरारेला आपला संघ इंग्लंडला शंभर धावांनी हरवून सहाव्यांदा विजेता झाला. कर्णधार पुन्हा विरारचाच, आयुष म्हात्रे; आणि वैभव सूर्यवंशीने ८० चेंडूंत १७५ धावा झोडपल्या. त्या दिवशी आमच्या घरात भावोजीही खुर्ची ओढून दूरदर्शनसमोर बसले होते. मुलाशी बोलत नव्हते, पण दोघांच्याही तोंडून "गेलो, गेलो!" एकदमच निघत होते.

आजवरच्या १६ स्पर्धांत १० वेळा अंतिम सामना आणि ६ वेळा चषक. मुलींच्या संघाने तर दोन स्पर्धांत दोन्ही वेळा बाजी मारली. २०२३ साली शफाली वर्माच्या संघाने इंग्लंडला ६८ धावांत गुंडाळले आणि २०२५ साली निकी प्रसादच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ८२ धावांत. जगात या वयाचा असा दुसरा संघ नाही. पण हा इतिहास मोठ्या माणसांच्या संघाच्या इतिहासासारखा वाचता येत नाही. तिथे एकेक नाव दहा-पंधरा वर्षे भेटत राहते. इथे दर दोन वर्षांनी पान उलटले की सगळी नावे नवी! २०१६ पासून तर आपल्या क्रिकेट मंडळाने नियमच केला की, एका मुलाने ही स्पर्धा एकदाच खेळायची. एकोणिसावे वर्ष ही या गावाची वेस. ती ओलांडली की कर्णधारालासुद्धा परत आत प्रवेश नाही.

हे लिहिताना मला आमच्या आचऱ्याची गावपळण आठवते. मुंबई-पुण्याच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सारे आचरे गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जाते. म्हातारीकोतारी, तान्ही मुले, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री, सगळी. वेशीपलीकडे झापांच्या राहुट्या पडतात, चुली पेटतात, रात्री भजने रंगतात. मागे गावात चिटपाखरू राहत नाही. मी लहानपणी वडिलांना विचारले होते, "लोकांना भीती नाही वाटत?" ते म्हणाले, "कसली भीती? घर असतेच की मागे."

त्या मुलांची गावपळण वेगळी. तिला परतीचा कौल नसतो. वेशीबाहेर गेलेल्या दोघा-चौघांना पुढे मोठे शहर मिळते. बाकीच्यांचे काय होते, हे कोणी विचारीत नाही.

आकडाच सांगतो. सिंधुदुर्गचा मुलगा मुंबईकडून खेळत नाही. आपला जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतो. मुंबई आणि विदर्भ यांच्या संघटना निराळ्या. जिल्ह्यातून निवड, मग जिल्ह्याजिल्ह्यांचे सामने, मग महाराष्ट्राचा संघ. सोळा वर्षांखाली विजय मर्चंट करंडक, एकोणीस वर्षांखाली विनू मंकड आणि कूचबिहार करंडक. कोवळ्या वयोगटात मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांवरून वय पाहतात. कारण वय चोरणारे पालकही आपल्यातच असतात! रणजी करंडकात आज ३८ संघ खेळतात. प्रत्येकाकडे एकोणीस वर्षांखालची पंधरा मुले धरली तरी पाचशे सत्तर झाली आणि त्यांतून निवडायची पंधरा. तीही सगळी चार वर्षांनी कुठे असतील, ते वर सांगितलेच आहे.

आता मी भाच्याला काय सांगायचे? "जाऊ नकोस" असे म्हणायला माझ्याकडे आधार भक्कम होता. भावोजींना मी हे आकडे दाखवले तेव्हा ते खूष झाले. त्यांनी कागद घडी घालून खिशातच ठेवला. पण त्याच वाचनात दोन गोष्टी अशा मिळाल्या की, माझीच झोप उडाली.

पहिली राहुल द्रविड यांची. २०१८ चा चषक जिंकल्यावर मंडळाने त्यांना पन्नास लाख, खेळाडूंना प्रत्येकी तीस लाख आणि साहाय्यकांना वीस लाख रुपये जाहीर केले. द्रविड यांनी हा भेद मान्य केला नाही. अखेर त्यांना स्वतःला आणि सर्व साहाय्यकांना सारखेच, पंचवीस-पंचवीस लाख मिळाले. एका माणसाने आपली निम्मी रक्कम सोडली. अठरा वर्षांच्या मुलांनी हे डोळ्यांनी पाहिले. चषकाबरोबर हा धडाही त्यांना मिळाला आणि तो एकोणिसाव्या वर्षी कालबाह्य होत नाही.

दुसरी गोष्ट १२ जून २०२४ ची, न्यूयॉर्कची. वीस षटकांच्या विश्वचषकात भारताचा सामना अमेरिकेशी होता. अमेरिकेचा डावखुरा जलद गोलंदाज सौरभ नेत्रावळकर. हा आपला मुंबईचा मुलगा, २०१० साली भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळलेला. संगणकाचा अभियंता झाला, रणजीत मुंबईकडून एकच सामना मिळाला, २०१५ साली कॉर्नेल विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी गेला, ओरॅकल कंपनीत नोकरीला लागला आणि तिथे सुट्टीच्या दिवशी पुन्हा चेंडू हातात घेतला. सहाच दिवस आधी त्याने पाकिस्तानविरुद्धचे निर्णायक षटक टाकून अमेरिकेला जिंकून दिले होते. त्या दिवशी त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केले. पाठोपाठ रोहित शर्माचा झेल उडाला आणि तो घेतला हरमीत सिंगने. हा हरमीतसुद्धा मुंबईचा, २०१२ च्या उन्मुक्त चंदच्या विजेत्या संघातला!

जरा हिशेब करा. बाद होणारा रोहित २००६ चा, कोहली २००८ चा, गोलंदाज २०१० चा, झेल घेणारा २०१२ चा. एकाच वेशीतून चार वेगवेगळ्या वर्षी बाहेर पडलेली चार मुले सातासमुद्रापलीकडे एका मैदानात भेटली. सामना भारताने सात गडी राखून जिंकला. पण मला वाटते, त्या दुपारी हरले कोणीच नाही.

हे वाचून मी उठलो आणि तडक दांडीला अण्णांकडे गेलो. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतबंधू. होड्यांची इंजिने दुरुस्त करतात. अठराव्या वर्षी राज्याच्या युवक संघाच्या शिबिरात त्यांची निवड झाली होती. दोन महिने तिथे राहिले, एकही सामना न खेळता परतले आणि त्याविषयी घरात पुन्हा कोणी बोलले नाही. आजही भातकापणी झाली की मळ्यात खेळपट्टी आखणारे तेच, टेनिस बॉलच्या स्पर्धांत पंच तेच आणि रोज सकाळी माझ्या भाच्याला फिरकीची बोटे दाखवणारेही तेच.

मी भीतभीत विचारले, "अण्णा, ती दोन वर्षे वाया गेली असे वाटते का कधी?"

अण्णांच्या हाताला ग्रीस होते. ते पुसत म्हणाले, "वाया काय गेला रे? मोठ्या मोठ्या मैदानार एक माणूस माका म्हणालो, तू बरो टाकतंस. तेवढ्यार मी तीस वर्सां चेंडू टाकतंय."

मग बराच वेळ ते गप्प राहिले. समोर होड्या किनाऱ्याला लागत होत्या.

"वायट एकाच गोष्टीचा वाटता," ते म्हणाले. "परत इलंय तेव्हा घरात कोणी इचारूक नाय, कसा झाला म्हणून. काका जेवणाच्या पाटार बसले, म्हणाले, 'उद्यापासून दुकानार बस.' माका वाटला, मी कायतरी गुन्हो करून इलंय."

ते काका म्हणजे माझेच वडील. "घर असतेच की मागे," असे मला सांगणारे. मी त्यांना दोष देत नाही. त्या पिढीला मुलावरची माया शब्दांत मांडण्याची सवय नव्हती. पण त्या संध्याकाळी मला माझ्या बहिणीच्या ओवाळणीचे उत्तर मिळाले. मुलाला पाठवावे की न पाठवावे, हा प्रश्न आपण मध्यमवर्गीय माणसे फार चघळतो. खरा प्रश्न पुढचा आहे. तो हात हलवीत परत आला, तर घरात शिरताना त्याला मान खाली घालावी लागेल की नाही? निवड करणारे निवड करतील. पाचशे सत्तरांतून पंधरा घेतील. परतीची वाट राखायचे काम मात्र कोणत्याही मंडळाचे नाही. ते घरच्यांचे.

शिमग्याला आम्ही सारे एकत्र बसलो. अण्णांनाही बोलावले होते. भावोजींनी खिशातला कागद काढला आणि मी मांडलेले आकडे मलाच वाचून दाखवले. मग अण्णांनी त्यांना आपली गोष्ट सांगितली. त्या घरात ती गोष्ट पहिल्यांदाच सांगितली जात होती. भावोजी ऐकत राहिले. शेवटी त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि कित्येक महिन्यांनी मुलाकडे पाहून ते बोलले, "अकरावी हयसर पुरी कर. बारावीक पुण्यात नाव घालूया. सकाळी खेळ, दुपारी कॉलेज. बारावीची परीक्षा चुकवलंस तर बघ!"

बेत ठरला. शास्त्र शाखा सुटली. वेळ पुरावा म्हणून साहेबांनी कला शाखा घेतली आणि मराठी हा विषय घेऊन माझ्यावर मोठे उपकार केले! जूनमध्ये, पहिला पाऊस लागल्यावर, आम्ही त्याला पुण्याच्या रातराणीत बसवले. अण्णांनी आपला जुना चेंडू दिला, शिवण उसवलेला. बहिणीने लाडू दिले, सोलकढीसाठी आमसुले दिली आणि गाडी सुटता सुटता खिडकीतून घराची एक किल्ली त्याच्या हातात कोंबली.

"ही कित्या गे आये? तुमी आसतलास मा घराक?"

"आसंदे तुज्याकडे," ती म्हणाली. "रात्री-अपरात्री इलंस, तर आमका उठवूचा नको."

हा लेख लिहीत आहे तोवर त्याचे चार महिने झाले आहेत. पुण्यात त्याच्यासारखे फिरकी टाकणारे कितीतरी आहेत, असे त्याने पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितले. त्याचा आवाज जरा उतरला होता. मोठ्या मैदानावर एका शिक्षकाने "तुझी बोटे चांगली आहेत" असे म्हटल्याचे गेल्या महिन्यात कळवले. ते मी दांडीला जाऊन अण्णांना सांगितले. अण्णा काही बोलले नाहीत. इंजिनाचा एक बोल्ट मात्र त्यांनी दोनदा आवळला.

संघाची यादी अजून लागायची आहे. यादीत नाव असो की नसो, भाऊबीजेला त्याने घरी यायचे, असे भावोजींनी स्वतः फोन करून बजावले आहे. माझे पाकीट तयार आहे. यंदा बहीण ते घेईल असे वाटते.